साउइन: आयर्लंडचा शरदातला जुना सण, घरच्या चालीरीती आणि त्या रात्रीचा स्वयंपाक

शिशिरा
दर ऑक्टोबरात हॅलोवीनवर दोन-तीन धागे निघतात. भोपळे, चॉकलेटं आणि "आपले सण काय कमी आहेत का" इथवर येऊन ते थांबतात. हा धागा त्यामागच्या मूळ आयरिश सणाचा, म्हणजे साउइनचा आहे. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून १ नोव्हेंबरच्या सूर्यास्तापर्यंत तो चालतो, कारण जुन्या केल्टिक गणनेत दिवस संध्याकाळी सुरू होतो. आदल्या रात्रीला आयरिशमध्ये 'ईहे हाउना' म्हणतात. डब्लिनमध्ये त्या दिवशी पाचच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, त्यामुळे अंधार आणखीच अंगावर येतो.

वर्षाचे चार टप्पे होते: साउइन, इम्बोल्क, ब्याल्टना आणि लूनसा. साउइनला गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली यायची. हिवाळाभर चारा पुरणार नाही इतकी जनावरं असली तर जास्तीची कापली जायची. पीक घरात आलेलं असायचं आणि शेतात उरलेलं मागे सोडून द्यायचं. मेलेली माणसं त्या रात्री घरी येतात आणि टेकड्यांखालचे 'सी' लोक (परलोकातली अद्भुत माणसं) बाहेर पडतात, ही समजूतही त्याच रात्रीची.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पाककृती तिच्यावर उभ्या आहेत. त्या रात्री आज जे खातात त्यातलं फारसं काही ख्रिस्तपूर्व नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला. कंदील ज्यातून कोरतात तो स्वीड (शलजमसारखा मोठा कंद) १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे रुजला. मनुका जहाजातून यायच्या. जुनं काय, तर मुहूर्त आणि त्यामागचा हिशोब: साठवणीचं अन्न, लोण्याची चैन, मेलेल्या माणसांसाठी काढलेला वाटा. म्हणून केल (कोबीच्या जातीची हिरवी पालेभाजी) मिळाला नाही तर बिनधास्त कोबी घाला. पण जेवण टिकाऊ पिकांचं असू द्या आणि एक ताट जास्तीचं वाढा.

सुरुवात ब्रॅकपासून, म्हणजे मनुका घातलेल्या गोडसर पावापासून, कारण त्याला दोन दिवस आधी हात घालावा लागतो.

चहाचा ब्रॅक (९०० ग्रॅमचा लोफ टिन, १० ते १२ कापं)
काळ्या मनुका, बेदाणे आणि करंट (बारीक काळ्या मनुका) मिळून ३५० ग्रॅम. कोरा कडक गरम चहा ३०० मिली. मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ सपाट चमचे, ब्राऊन साखर १२५ ग्रॅम, अंडं १, मिश्र मसाला १ चमचा, मीठ पाव चमचा. मसाल्यासाठी दालचिनी २ भाग, जायफळ १, धने १, सुंठ अर्धा आणि लवंग पाव भाग घ्या. धने वगळू नका.

सुकामेवा साखरेसकट गरम चहात रात्रभर भिजवा, किमान ८ तास. सकाळी उरलेला चहा फेकायचा नाही, तोच पिठाचा ओलावा. अंडं फेटून घाला, कोरडं साहित्य चाळून घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. पीठ चमच्यावरून थबकन पडलं पाहिजे, ओघळता कामा नये. टिनला कागद लावून १७० अंशांवर ६० ते ७० मिनिटं. ४० मिनिटांनी वर फॉइल टाका, नाहीतर वरच्या मनुका जळून कडू होतात. पूर्ण गार होऊ द्या, कागदात गुंडाळून एक दिवस ठेवा, मगच कापा. गरम कापला तर भुगा होतो.

---

तवा_आणि_ताक
व्वा, धागा मस्त! ब्रॅकबद्दल थोडी भर.

मनुका तळाशी बसण्याचं कारण बहुतेक वेळा पातळ पीठ असतं. भारतातले काही बेदाणे आधीच मऊ असतात, ते चहा कमी पितात आणि पीठ सैल होतं. अशा वेळी ५० मिली चहा काढून ठेवा आणि शेवटी लागेल तसा घाला. "मनुकांना मैदा चोळा" हा उपाय भिजवलेल्या मनुकांवर चालत नाही, मैद्याचा चिखल होतो.

मध्ये खड्डा पडला तर दोनच संशयित: शिळी बेकिंग पावडर, किंवा पहिल्या अर्ध्या तासात उघडलेलं ओव्हनचं दार. तळाशी चिकट पट्टी राहिली तर आतून कच्चा. काडी मनुकेत घुसली की ती नेहमीच ओली बाहेर येते, त्यामुळे काडीवर भरवसा ठेवू नका. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश हवेत. ओटीजीत शक्यतो फक्त खालची कॉइल लावा.

बिनअंड्याचा हवा असल्यास अंड्याऐवजी ६० ग्रॅम ताजं दही घ्या. बेकिंग पावडर एकच चमचा आणि सोबत पाव चमचा सोडा. जरा दाट होतो, चवीत फरक जाणवत नाही.

चहात दूध नको, हे मुद्दाम लिहितोय. 'चहाचा ब्रॅक' म्हटल्यावर आलं-वेलची घातलेला दुधाचा चहा ओतणारे निघतील!

---

निवांत_पाटील
छान माहिती. ब्रॅकमध्ये अंगठी वगैरे घालतात ना? ती बेक होताना काय होतं?

---

शिशिरा
@निवांत_पाटील, हो. जुनी यादी अशी: अंगठी आली तर वर्षभरात लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही, काडी आली तर लग्न होईल पण सुखाचं नाही. काही घरांत अंगुस्तान (शिवताना बोटाला घालायची टोपी) घालत, म्हणजे आजन्म कुमारिका. आता दुकानातल्या ब्रॅकमध्ये बहुधा फक्त अंगठी उरली आहे, तीही कागदात गुंडाळलेली.

घरी करताना वस्तू पिठात घालूच नका. ब्रॅक भाजून गार झाला की तो उलटा करून तळाला दोन सेंटिमीटरची चीर द्या, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळलेली वस्तू आत सरकवा, चीर दाबून बंद करा. धातू तापत नाही, कागद पिठाला चिकटत नाही आणि ती कोणत्या बाजूला आहे हे कापणाऱ्याला ठाऊक असतं. नाणं आधी उकळून घ्या. पुडी अंगठ्याएवढी मोठी असू द्या, म्हणजे घासात नकळत जाणार नाही. वाढण्याआधी सगळ्यांना सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांचं काप तुम्ही स्वतः तपासून द्या.

चिंधी आणि काडी हल्ली बरीच घरं गाळतात. बरोबरच आहे, सहा वर्षांच्या पोरीला "तुझा नवरा तुला मारेल" हे भाकीत कशाला?

---

कॉर्ककर
यीस्टचा ब्रॅक कुणी लिहिणार आहे का? मूळ 'बार्मब्रॅक' तोच.

ब्रेडचं पीठ किंवा मैदा ४५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, कोमट दूध २५० मिली, अंडं १, मीठ १ चमचा, मसाला १ चमचा, सुकामेवा ३०० ग्रॅम. सुकामेवा अर्धा तासच कोमट पाण्यात भिजवून पंचावर कोरडा करायचा. दहा मिनिटं मळा, दुप्पट होऊ द्या. आयर्लंडच्या थंड स्वयंपाकघरात याला दोन तास सहज लागतात. मग सुकामेवा हलक्या हाताने मिसळा, गोल आकार द्या आणि पुन्हा ४५ मिनिटं फुगू द्या. २०० अंशांवर १५ मिनिटं, मग १८० वर अर्धा तास. बाहेर काढल्या काढल्या १ चमचा साखर २ चमचे उकळत्या पाण्यात विरघळवून वर फिरवा, चकाकी येते.

दोन गोष्टी चुकतात. दालचिनी सढळ हाताने घातली तर यीस्ट मंदावतं आणि पीठ फुगतच नाही. आणि सुकामेवा पहिल्या मळणीतच घातला तर मनुका फुटून पीठ करडं, चिकट होतं.

हा दुसऱ्या दिवशी शिळा लागतो. मग तव्यावर लोण्यात भाजून खायचा.

---

दगडफूल
इतिहासाची थोडी साफसफाई करतो, कारण इंटरनेटवर या सणाबद्दल चिक्कार कचरा आहे.

साउइन हा 'मृतांचा देव' होता, हे चूक. ही कल्पना १८ व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी याच्या लिखाणातून पसरली. असा देव नाही, ते सणाचं आणि महिन्याचं नाव आहे.

'केल्टिक नववर्ष' हेही जपून वापरा. ते रूढ केलं जॉन ऱ्हिस या वेल्श अभ्यासकाने, १९ व्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. मध्ययुगीन आयरिश मजकुरांत ते असं स्पष्ट येत नाही. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ मध्ये सापडलेल्या काशाच्या पंचांगात 'समोनियोस' नावाचा महिना आहे, पण तो नक्की कोणत्या ऋतूतला यावर अजून वाद आहेत.

दोन आगींमधून गुरं नेण्याची प्रथा लोक सर्रास साउइनला चिकटवतात. जुना स्पष्ट उल्लेख आहे तो ब्याल्टनाचा, म्हणजे मे महिन्याचा. साउइनच्या आगीसाठी त्लाख्टगाचं नाव येतं, मीथ परगण्यात अथबॉयजवळची टेकडी, आजची हिल ऑफ वॉर्ड. तिथे आग पेटायची आणि देशभर तीवरून चुली पेटायच्या, हे वर्णन १७ व्या शतकातल्या जेफ्री कीटिंगचं आहे. त्याला त्या काळच्या परंपरेचा आधार असेलही, पण तो प्रत्यक्षदर्शी नव्हे.

भक्कम आहे ते वेगळंच. जुन्या आयरिश कथांत राजे साउइनला मेजवान्या देतात. एका कथेत अल्स्टरचे लोक साउइनच्या आधी तीन दिवस, नंतर तीन दिवस आणि तो एक दिवस असा आठवडाभर जेवतात. रॉसकॉमनमधल्या रॅथक्रॉगनची 'मांजरांची गुहा' त्या रात्री परलोकाचं दार म्हणून येते. ताराच्या टेकडीवरचा 'ओलिसांचा ढिगारा' तर इसवीसनापूर्वी तीन हजारांच्या आसपासचा, आणि त्याच्या वाटेत साउइनच्या सुमाराला सूर्योदयाचा प्रकाश शिरतो. केल्टिक भाषा आयर्लंडात यायच्या कितीतरी आधीचं बांधकाम आहे ते.

चर्चचा संतांचा दिवस १ नोव्हेंबरला आला तो ८ व्या-९ व्या शतकात. त्याने सण पुसला नाही, उलट त्याच्या आदल्या दिवसाचा उपास आणला. आणि त्या उपासाने जेवणाची थाळी ठरवली.

---

तवा_आणि_ताक
@दगडफूल +१. शेवटचा मुद्दा शाकाहारी मंडळींनी अधोरेखित करून घ्यावा. ३१ तारखेला कॅथलिक आयर्लंडमध्ये मांस वर्ज्य असायचं, म्हणून त्या रात्रीचं पारंपरिक जेवण बटाटा, पालेभाजी, लोणी, दूध, सफरचंद यांचं. कोलकॅनन, चँप, बॉक्स्टी, ॲपल केक. हिवाळ्यासाठी जनावरं कापण्याचा सण, आणि त्याचं मुख्य पक्वान्न शाकाहारी!

कोलकॅनन (चौघांसाठी)
पिठूळ बटाटे १ किलो, केल किंवा कोबी २५० ग्रॅम, पातीचे कांदे ५-६, दूध १५० मिली, लोणी १०० ग्रॅम, मीठ, पांढरी मिरी.

बटाट्यातच सगळं आहे. आयर्लंडात रूस्टर, कर्स पिंक किंवा गोल्डन वंडर घ्या. महाराष्ट्रात नवा बटाटा टाळा, तो चिकट होतो. चिप्सोना मिळाला तर उत्तम, नाहीतर जुना ज्योती. कोल्ड स्टोरेजमधून नुकताच आलेला बटाटा गोड लागतो. तो आठवडाभर घरात, अंधारात बाहेर ठेवला की गोडी बरीच उतरते.

बटाटे सालासकट वाफवा. कुकरमध्ये करताना पाणी कुकरच्या तळाशी आणि बटाटे वरच्या भांड्यात कोरडे. पाण्यात बुडवून शिजवले तर ते पाणी पितात आणि मग लोण्याला आत जागा उरत नाही. सालं गरम असतानाच काढा. कोरड्या पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटं हलवून वाफ जाऊ द्या.

दुसरीकडे दुधात पातीचा कांदा चार-पाच मिनिटं उकळा. केलच्या जाड शिरा काढा, पानं खळखळत्या खारट पाण्यात ४ ते ५ मिनिटं शिजवा, गार पाण्याखाली धरून घट्ट पिळा, बारीक चिरा. पिळण्यात हयगय केली तर हिरवं पाणी थाळीभर पसरतं.

बटाटा गरमच कुस्करा. पुरणयंत्र यासाठी देवाने दिलं आहे, बारीक चाळणी लावा. मिक्सर नको, फूड प्रोसेसर नको. पात्यांनी पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात खळ तयार होते. आधी ५० ग्रॅम लोणी, मग उकळतं दूध थोडं थोडं. गार दूध घातलं तर गुठळ्या धरतात. शेवटी केल. ताटात ढीग करून मध्ये खळगा करा आणि उरलेलं लोणी त्यात वितळू द्या. कडेचा घास त्या लोण्यात बुडवून आत यायचं.

केलऐवजी नुसती पातच घातली तर ते उत्तरेकडचं 'चँप'.

---

सुगरणपंथी
चँप म्हणजे आपल्या बटाट्याच्या भाजीला इंग्लिश मीडियममध्ये घातलंय 😄

बॉक्स्टीचं प्रमाण मी देते, थालीपीठ जमतं त्यांना हे जमणारच. कच्चा किसलेला बटाटा २५० ग्रॅम, कुस्करलेला शिजलेला बटाटा २५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, मीठ १ चमचा, सोडा अर्धा चमचा, ताक २५० ते ३०० मिली. ताक आंबट हवं, नाहीतर सोड्याची चव राहते.

कच्चा कीस मलमलच्या कापडात पिळून पाणी एका वाटीत धरा. दहा मिनिटांत तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओता, साका पुन्हा किसात घाला. तो टाकून दिला तर बॉक्स्टी तव्यावर तुटते. कीस काळा पडू नये म्हणून लगेच शिजलेल्या बटाट्यात आणि ताकात मिसळा. जाडसर धिरड्याइतकं पीठ करा. बिडाचा तवा, लोणी, मध्यम-मंद आच, प्रत्येक बाजूला ४ ते ५ मिनिटं. आच मोठी असेल तर बाहेरून तांबूस आणि आत कच्च्या बटाट्याची चरचर राहते. लेट्रिम, कॅव्हन, फर्मॅना या भागांत ही जास्त.

---

निवांत_पाटील
कंदील! तो स्वीड म्हणजे आपलं शलजम का? आणि भोपळा का नाही?

---

कॉर्ककर
@निवांत_पाटील, शलजम त्याचा लहान, पांढरा भाऊ. स्वीड पिवळा, घट्ट, जांभळ्या डोक्याचा, एक-दीड किलोचा असतो. आयर्लंडात त्यालाच टर्निप म्हणतात, त्यामुळे दुकानात गोंधळ होतो. भोपळा ही अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांची सोय, ती मग उलटी घरी परत आली. मेयो परगण्यात टर्लो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात डॉनेगलमधल्या एका जुन्या 'भूत टर्निप'चा प्लास्टरचा साचा ठेवलाय. तो एकदा बघा, मग भोपळ्याचं हसू बालिश वाटेल.

कोरण्याची पद्धत:

किमान १४ सेंटिमीटर व्यासाचा घ्या. तळ पातळ कापून सपाट करा म्हणजे तो डगमगणार नाही, आणि खाली ओलं फडकं ठेवा. वरून ३ सेंटिमीटरची टोपी कापा. मग मध्ये ड्रिलने किंवा सफरचंदाचा गाभा काढायच्या नळीने ८-१० भोकं पाडा आणि ती एकमेकांत मिळवत धातूच्या चमच्याने खरवडा. नुसत्या चमच्याने सुरुवात केली तर चमचा वाकतो आणि मनगट दुखतं. भिंत १ ते दीड सेंटिमीटर ठेवा. जाड राहिली तर उजेड झिरपत नाही, त्याहून पातळ झाली तर डोळे-तोंड कापताना तडकते. तासभर तरी धरा. सुरीचं काम मोठ्यांचं, मुलांना खरवडायला द्या.

तोंडाला दात कोरायचे तर चौकोनी आणि मोठे. स्वीड सुकतो तसा आक्रसतो, बारीक दात वाकून एकमेकांत मिळतात. दोन दिवस आधीच कोरा. तो सुरकुततो, पिवळट-तपकिरी होतो आणि तेव्हाच खरा भेसूर दिसतो. आठवडाभराने बुरशी.

मेणबत्ती लावायची तर टोपीला धुराड्याचं भोक पाडा, नाहीतर ती आतून जळते आणि घरभर करपलेल्या कोबीचा वास सुटतो. आत एलईडी बरी.

खरवडलेला गर टाकू नका. तो उकळून, पाणी पूर्ण निथळून, लोणी आणि भरपूर काळी मिरी घालून कुस्करा. कोलकॅननशेजारी चांगला जातो.

---

शिशिरा
महाराष्ट्रात कंदील करायचा असल्यास लाल भोपळाच घ्या, शलजममध्ये दिव्याला जागा नाही. आपल्या भोपळ्याची साल मात्र परदेशी कोरायच्या भोपळ्यापेक्षा फार कडक असते. सुरी दाबून घुसवू नका, सटकते. करवतीसारखी दातेरी छोटी सुरी मागेपुढे चालवा. आपल्याकडचा गर खाण्याजोगा आहे, घारगे करा. तिकडचा कोरायचा भोपळा पाणचट असतो, फार तर सूप.

आता घरच्या चालीरीती, जमतील तेवढ्या.

*दारावरचा पार्शेल.* दोन काड्यांची फुली बांधून तिच्याभोवती गव्हाचं काड चौकोनी विणायचं आणि ते दाराच्या आतल्या बाजूला वर लावायचं. गेल्या वर्षीचा उतरवून गोठ्यात ठेवत. काड अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, कोरडं असेल तर पहिल्याच वळणाला मोडतं. आपल्याकडे कंबाइनने कापलेल्या गव्हाचं काड तुकडे तुकडे झालेलं मिळतं, भाताचा पेंढा बरा पडतो.

*स्नॅप ॲपल.* छतापासून दोरीला सफरचंद टांगायचं, हात मागे बांधून ते दातांनी पकडायचं. जुन्या पद्धतीत लाकडी फुलीच्या दोन टोकांना सफरचंदं आणि दोन टोकांना पेटत्या मेणबत्त्या असत, आणि फुली गरगर फिरवत. डॅनियल मॅक्लीसच्या १८३३ च्या चित्रात ती दिसते. मेणबत्त्या गाळा, सफरचंद लहान आणि देठाचं घ्या, दोरी देठाला न बांधता आरपार ओवा.

*पाण्यातली सफरचंदं.* त्यांच्या आकारमानाचा सुमारे पाव भाग हवा असतो म्हणून ती तरंगतात. एकाच टबात दहा तोंडं बुडवण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं भांडं द्या.

*हेझलनट.* दोन नट शेजारी शेजारी निखाऱ्यांजवळ ठेवतात, एक मुलाच्या नावाचा, एक मुलीच्या. दोन्ही शांत जळले तर जोडी टिकणार, एक उडाला तर नाही. कवचात ओल असेल तर वाफेने फुटून उडतातच, तेव्हा पुढे जाळी हवी. यात नशिबापेक्षा ओलाव्याचा हात मोठा.

*बशा.* डोळे बांधून तीन बशांपैकी एकीत हात घालायचा. अंगठी म्हणजे लग्न, पाणी म्हणजे समुद्रापार जाणं, माती म्हणजे मरण. स्थलांतराचा हा देश, पाण्याची बशी उगाच आलेली नाही. मातीची बशी मुलांच्या खेळात ठेवू नये.

---

मेलबर्नची_चिमणी
मृतांसाठी ताट ठेवतात त्याबद्दल कुणी सांगेल का? ते आपल्या सर्वपित्रीसारखंच वाटतंय. आणि आमच्याकडे ऑक्टोबरात वसंत असतो, त्याचं काय करायचं?

---

दगडफूल
@मेलबर्नची_चिमणी, दक्षिण गोलार्धातले बरेच आधुनिक पेगन (ख्रिस्तपूर्व धर्मपरंपरा नव्याने मानणारे) साउइन ३० एप्रिल-१ मे ला करतात. सण ऋतूचा आहे, म्हणून तेच सुसंगत. बाजारातही तेव्हाच सफरचंद आणि केल येतो. घरी मुलांना ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन शेजाऱ्यांबरोबर खेळू द्या आणि जेवण एप्रिलअखेर करा.

सर्वपित्रीशी साम्य वरवरचं आहे. आपल्याकडे तिथी, गोत्र, नाव घेऊन बोलावणं आणि नंतर निरोप असतो. तिकडे कुणाला बोलावत नाहीत, ते येणार असं धरूनच तयारी करतात: विस्तव राखेखाली जिवंत ठेवायचा, दाराची कडी काढून ठेवायची, चुलीजवळ खुर्च्या मांडायच्या आणि घरच्यांनी लवकर झोपायचं. मंत्र नाहीत, पुरोहित नाही. दोन्ही एकत्र करून खिचडी करू नये असं माझं मत.

'मूक जेवण' हा प्रकार हल्लीच्या पेगन घरांत लोकप्रिय आहे. एक पान जास्तीचं, दिवा, आणि पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. मुलं असतील तर पूर्ण जेवणाऐवजी पहिली पाच मिनिटं मौन ठेवा. पदार्थ, चमचे, पाणी सगळं आधीच टेबलावर हवं, नाहीतर "मीठ दे" म्हणण्यासाठी तरी कुणीतरी तोंड उघडतंच.

---

कॉर्ककर
बाहेर ठेवलेल्या ताटाबद्दल एक गंभीर सूचना. मनुका आणि कांदा कुत्र्यांना विषारी आहेत, म्हणजे ब्रॅक आणि कोलकॅनन दोन्ही धोक्याचे. ताट उंचावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फाटकाच्या खांबावर ठेवा. जुनी प्रथाही तीच होती. वाटीत दूध ठेवू नका, साळिंदरासारखे दिसणारे ते छोटे हेजहॉग ते पितात आणि त्यांना ते पचत नाही. सकाळी उरलेलं कंपोस्टमध्ये.

आगीचंही तेच. लाकडाचा ढीग आधीपासून रचून ठेवला तर हेजहॉग त्यात झोपायला शिरतात. पेटवायच्या दिवशीच ढीग दुसऱ्या जागी हलवून रचा. आयर्लंडात घरचा कचरा, रंगवलेलं लाकूड, टायर जाळणं बेकायदा आहे आणि मोठे फटाके परवान्याशिवाय वाजवता येत नाहीत. अंगणात बिडाची शेगडी आणि कोरडी लाकडं एवढं पुरे. मोठा जाळ बघायचाच असेल तर मीथमध्ये २०१९ पासून पूका महोत्सव भरतो, आणि डेरीची मिरवणूक प्रसिद्ध आहे.

---

सुगरणपंथी
२०२४ ला नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती, तेव्हा तिकडच्या मराठी घरांत सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी कोलकॅनन असा योग आला असणार. अशा वर्षी वेळापत्रक कसं लावावं? फराळाच्या धामधुमीत ब्रॅक कुठे बसवायचा?

---

शिशिरा
@सुगरणपंथी, ब्रॅक २८ ला भिजवा, २९ ला भाजा. तो घट्ट गुंडाळून तीन-चार दिवस छान राहतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर जास्त चांगला लागतो. कंदील २९ ला कोरा. त्या आठवड्यात आयरिश शाळांना मध्यसत्राची सुट्टी असते, खरवडायला हात घरातच. ३० ला केल शिजवून, पिळून, चिरून फ्रिजमध्ये. ३१ ला चार वाजता बटाटे लावा, साडेपाचला जेवण, सहाला मुलं दारोदार.

दारी येणाऱ्या मुलांसाठी चॉकलेटांबरोबर सफरचंदं आणि भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा ठेवतात, तिकडे त्यांना मंकी नट्स म्हणतात. शेंगा वेगळ्या वाडग्यात ठेवा आणि ॲलर्जी विचारूनच द्या. चिवड्यातही शेंगदाणे असतात, तोही वाटणार असाल तर तेच लागू.

---

निवांत_पाटील
शेवटचा प्रश्न. ब्लॅकबेरी कुठे बसते यात? एका ठिकाणी वाचलं की साउइननंतर ती खायची नाही.

---

दगडफूल
पूका, म्हणजे आयरिश लोककथांतलं रूपं बदलणारं खोडकर भूत, तिच्यावर थुंकतो म्हणून. काही भागांत हीच अट सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस या ख्रिस्ती सणापासून मानतात. ऑक्टोबरअखेर कुंपणावरची फळं पाणचट होतात, बुरशी धरते, माश्या बसतात, तेव्हा पूकाचं म्हणणं ऐकलेलं बरं. सप्टेंबरात तोडून गोठवलेली मात्र चालतात. ६०० ग्रॅम आंबट सफरचंदाला २०० ग्रॅम ब्लॅकबेरी आणि १०० ग्रॅम साखर, वर १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम गार लोणी आणि ७५ ग्रॅम साखर चोळून केलेला चुरा. १८० अंशांवर ४० मिनिटं. बेरी गोठलेलीच घाला, आधी वितळवली तर रस सुटून तळ ओला राहतो.

---

तवा_आणि_ताक
त्या चुऱ्यात मूठभर ओट्स घाला, कुरकुरीतपणा टिकतो. आणि लोणी घरचं असेल तर आधी ताक पूर्ण धुऊन काढा, नाहीतर चुऱ्याचा गोळा होतो.